राजमालूवरची हरकत

“साडीच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवायची सरकारी फी साडेचार हजार, माझे दोन. दहा वर्षांनी नूतनीकरण, त्याचे नऊ हजार वेगळे.” सिद्धेशनं खर्चाच्या अंदाजाचा कागद मालुबाईंपुढं सरकवला. “आक्का, खरं सांगू? तुमचा एक माग. वर्षाला साठ साड्या. एवढा खर्च कशाला?”

वडगावहून बेळगावातल्या त्याच्या कचेरीपर्यंत मालुबाई चालत आल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“आनि कुणी हरकत घेतली तर?”

“मग उत्तराचे सत्तावीसशे, वर वकील, तारखा. पंचवीस-तीस हजार कुठं जात नाहीत.”

“हरकत घेनाऱ्याला कळतंय कसं?”

“नाव सरकारी जर्नलमध्ये छापतात. ज्याचं तेच नाव असेल, तो चार महिन्यांत हरकत घेतो.”

“घाल अर्ज. नाव लिव, ‘राजमालू’.”

म्हातारपणी एकटीनं माग ओढणाऱ्या या बाईबद्दल सिद्धेशला माया वाटली. त्यानं आपली फी निम्मी केली.

पुढच्याच महिन्यात बायकोला साडी घ्यायला तो शहापुरात गेला आणि चपापला. एका साडीवर ‘राजमालू’चा बिल्ला होता, आणि ती साडी मालुबाईंची नव्हती. दुकानदाराला विचारलं, तर माल दलालाकडून आलेला. विणतं कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सिद्धेश तसाच वडगावला गेला.

“आक्का, हे नाव दुसरं कुणीतरी वापरतंय. आत्ताच बदलूया.”

“न्हाय बदलायचं.”

“अहो, हरकत येईल!”

“येऊ दे की,” म्हणून मालुबाईंनी माग सुरू केला.

लई हट्टी बाई, असं मनाशी म्हणत तो परतला.

वर्षभरानं नाव जर्नलमध्ये छापून आलं. तेव्हापासून दर सोमवारी मालुबाई कचेरीच्या दारात उभ्या.

“आली का रं हरकत?”

“न्हाई आक्का. भिऊ नका.”

त्या जिना उतरायच्या. त्यांची ती वाकलेली पाठ बघून सिद्धेशला गलबलून यायचं.

चौथा महिना संपत आला आणि नोटीस आली. फोनवर सांगायला त्याची जीभ रेटेना. नवा अंदाज लिहून, त्यात स्वतःची फी शून्य धरून, तो वडगावला गेला.

“आक्का, हरकत आली. निपाणीच्या कुणी राजाबाई आहेत. पंधरा वर्षं हेच नाव वापरतेय म्हणतात.”

माग थांबला. मालुबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“रडू नका. मी एक पैसा घेणार न्हाई. आपण लढू.”

“कुणासंगं लढू रं?” मालुबाईंनी नोटीस त्याच्या हातातून घेतली आणि उराशी धरली. “थोरली भन हाय माझी. बाजारात आमा दोगींच्या नावाचा तो बिल्ला बगितला, म्हनून तर अर्ज घातला. बत्तीस वर्सांनी पत्ता घावला तिचा.”