कपाटातला धोटा

धोटा बाकांवरून हातोहात फिरत होता. गुळगुळीत काळे लाकूड, दोन्ही टोकांना पितळी शेंब्या, पोटात सुताची कांडी बसवायची खोबण. औद्योगिक क्रांती शिकवताना मुलांना विणकराचे हत्यार दिसावे, म्हणून दुसाने सरांनी तो सरदारला घरून आणायला सांगितला होता. धुळ्याच्या त्या शाळेत, सबंध नववीत, विणकराचा मुलगा तो एकटाच.

सकाळी अब्बांनी तो चालत्या मागावरून काढून दिला होता. दुसरा धोटा चिरलेला; त्यात सूत अडकून तुटे. "मधल्या सुट्टी में ला दे," ते म्हणाले होते, "तब लग मैं कांड्या भरता." उद्याच्या बाजारासाठीचे लुगडे हातभर विणायचे उरले होते.

सर रंगून शिकवत होते. इंग्लंडात वाफेचे यंत्र आले, गिरण्या उभ्या राहिल्या, मँचेस्टरचे कापड जगभर गेले.

"आणि घरोघरचे माग?" त्यांनी विचारले, आणि स्वतःच उत्तर दिले. "बंद पडले. ते व्हायचेच होते."

पुस्तकात पुढच्याच ओळीत आगगाडी सुरू झाली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. सरांनी धोटा रुमालाने पुसला आणि काचेच्या कपाटात, पेंढा भरलेल्या नीलकंठाशेजारी, हळुवार ठेवला. खाली सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी लावली : 'विणकराचा धोटा. पूर्वी वापरात असलेला.'

"सर," सरदार टेबलाजवळ जाऊन पुटपुटला, "धोटा न्यायचा होता. अब्बा बसले आहेत."

"बसले आहेत म्हणजे?"

"मागावर. त्याच्यासाठी थांबले आहेत."

सरांना खरोखरच नवल वाटले. "म्हणजे तुमचा माग अजून चालू आहे?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "परवा तपासणीला साहेब यायचे आहेत, बाळ. त्यांनी पाहिला की ने. तुमच्या धोट्यामुळे शाळेची शोभा वाढेल."

त्यांनी कपाटाला कुलूप लावले.  सरदारने काचेतून धोट्याकडे एकदा पाहिले आणि तो दाराकडे वळला.

दाराशी वर्गातल्या लोटनने त्याला कोपराने ढोसले. "काय रे सरदार, आते तुना बापले बी कपाटमा बसाडतीन का?"

मुले हसली. सवयीने सरदारही हसला, आणि घरापर्यंत ते हसू त्याला तोंडावरून पुसता आले नाही.

घरात मागाची खटखट नव्हती. अब्बा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. शेजारची टोपली भरलेल्या कांड्यांनी काठोकाठ झाली होती. उंबऱ्याशी पावले वाजताच ताण्यावरची नजर न हलवता त्यांनी हात मागे केला आणि तळवा उघडून धरला.