साहेबाचं पातळ धोतर

१८६४ सालचा मे महिना. विलायतेहून कापूस खरेदीसाठी अमरावतीत आलेला टॉमस साहेब लोकरीच्या कोटात उकडून निघत होता. एका दुपारी कापसाच्या गंजीसमोरच त्याला भोवळ आली. शुद्धीवर येताच तो उठला आणि थेट गोवर्धनच्या कापडदुकानात शिरला.

"धोतर मंगता. एकदम पतला!"

"धोतर नाही, साहेब," गोवर्धन म्हणाला. "सगळा कापूस तुमीच विलायतेले धाडून राहिले. कोष्ट्याच्या मागाले सूत नाही, तं धोतर कुठून आणू?"

साहेब मटकन खाली बसला. त्याचा लालबुंद चेहरा पाहून आतल्या दारात उभ्या असलेल्या गोवर्धनच्या बायकोला, पार्बताबाईला, कीव आली. तिने दोरीवरचं आपलं हिरव्या काठाचं लुगडं ओढून नवऱ्याच्या हातात दिलं.

"द्या नेसवून. त्याले काय समजते?"

गोवर्धनने हसू दाबत साहेबाला लुगडं नेसवलं. पायांना वारा लागला तसे साहेबाचे डोळे सुखाने मिटले. कोट खांद्यावर टाकून तो भर बाजारातून ऐटीत निघाला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. साहेबाने टोपी काढून सगळ्यांना रामराम केला.

आठवड्याने अकोल्याचे तीन साहेब घाम पुसत गोवर्धनच्या दुकानात आले. तिघांनाही टॉमससारखंच धोतर हवं होतं.

त्यांच्यातला जाडा साहेब पुढे होऊन दरडावून म्हणाला, "हम बडा साहेब है. हमारे धोतर को काठ भी बडा मंगता!"