एकटा अ‍ॅडमिन

साहेबांना कमांड कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण हुकूम सोडायची भारी हौस. "यापुढे सिस्टिमचा अ‍ॅडमिन मी एकटा. बाकी सगळ्यांचे अधिकार काढ, तुझेसुद्धा. माझा कुणावर विश्वास नाही!"

मी काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड टाईप करून आधी साहेबांना सगळ्यात वरचा अधिकार दिला, मग हॉलमधल्या अकरा जणांचा काढला आणि शेवटी माझा. साहेब मिशीला पीळ देत केबिनमध्ये गेले.

पाचच मिनिटांत दारातून त्यांचा खणखणीत आवाज आला, "अगं, ते टायपिंग मला जमायचं नाही, माझ्या नावाने तूच करत जा! पासवर्ड लिहून घे. कॅपिटल बी, ओ, एस, एस, वन, टू, थ्री!"


हॉलमधल्या अकराही जणांनी मुकाट्याने पेन उचललं.