हिरवी बांगडी
नवऱ्याचं जहाज बेपत्ता झाल्यापासून कोन गावच्या घरात भाविकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मन गुंतावं म्हणून ती पोटातल्या बाळासाठी सासरची वंशावळ काढायला बसली. सगळे गलबतं हाकणारे तांडेल, सगळे दर्यात गेलेले. गोदूबाई, तिची आजेसासू, आठवून नावं सांगत होती. "आजी, आजोबा कधी वारले?" तिनं पेन सरसावत विचारलं. आजीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. "वारले कुठं? मयत घरी आलं न्हाय. माझ्या सासूनंबी बांगड्या फोडल्या न्हाय, तिच्या सासूनंबी न्हाय." भाविकानं कागदाकडे पाहिलं. तीन पिढ्यांत एकही पुरुष मेला नव्हता. सगळे अजून घरी यायचे होते. तेवढ्यात फोन वाजला. जहाज कंपनीचा होता. भाविकाच्या मनगटावर नुसतं घड्याळ होतं. आजीनं पुढे झालेला हात अडवला, आपली एक बांगडी काढून त्यात सरकवली आणि मग म्हणाली, "आता उचल."