मापात बसलेली टोपी

आमच्या ह्यांनी जन्मात कधी विणायची सुई हातात धरली नाही, पण टोपीचा माथा कसा मिटवायचा, यावर त्यांचा गाढा अभ्यास आहे. मी त्यांच्याचसाठी टोपी विणत होते आणि समोर खुर्चीत बसून ह्यांचं प्रवचन चालू होतं.

"अगं, आता दोन टाक्यांचा एक कर. टोपीची पिशवी होईल अशाने! आमच्या आईची टोपी कशी घट्ट बसायची."

"हो का," म्हणत मी आपली सरळ विणत राहिले. एकही टाका कमी केला नाही.

चहा झाला, पेपर झाला, पण प्रवचन काही संपेना. शेवटी वरून उघडी असलेली ती टोपी मी सुईसकट ह्यांच्या डोक्यावर चढवली आणि खाली ओढली. कपाळ झाकलं, डोळे झाकले, नाकही झाकलं.

"बघ, म्हटलं नव्हतं मी? केवढी लांब झाली..."

मी आणखी जरा ओढली. कड हनुवटीखाली गेली आणि ह्यांचं पुढचं सगळं बोलणं लोकरीत मुरलं.

"आता कशी मापात बसली," म्हणत मी माथा मिटवायला घेतला.