विंगेतला आवाज

कॅनडातल्या लुनेनबर्ग गावच्या हौशी नाटक मंडळीला साठ वर्षं झाली, म्हणून मर्ना झ्विकर आणि ऑरिन व्हेनो दुपारचे जुनी दप्तरं लावत बसले होते. मर्ना मंडळीतली जुनी नटी, ऑरिन प्रॉम्प्टर. एकोणऐंशी साली, आपल्या पहिल्याच प्रयोगात ती वाक्य विसरली आणि विंगेतून ऑरिननं ते हळूच पुरवलं, असं ती नेहमी सांगे. तेव्हापासून दर नाताळला ती त्याला ब्लूबेरीचा केक नेऊन देई.

त्या प्रयोगाची नोंदवही हाती लागली तशी ऑरिननं ती तिच्यापुढे सरकवली.

“चाळीस वर्षं तुझा केक खातोय मर्ना, आता पचत नाही,” तो म्हणाला. “वाच.”

वहीत लिहिलं होतं : बर्फामुळे रस्ता बंद. प्रॉम्प्टर आला नाही. विंगेत कोणी नाही.

“मग मला वाक्य दिलं कुणी?”

“देव जाणे. दुसऱ्या दिवशी तू गळ्यात पडून रडलीस, मला खरं सांगवलं नाही.”

वहीसोबत त्याच प्रयोगाची कॅसेट होती. त्यांनी ती लावली. तरुण मर्नाचा आवाज मध्येच अडला. मग कुणीतरी कुजबुजलं, आणि वाक्य पुढे गेलं.

मर्नाचे डोळे भरून आले. त्या दिवशी ती तशीच आत पळाली असती, तर तिनं पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवलं नसतं.

टाळ्या संपल्या, नुसती खरखर उरली. ती कॅसेटकडे वाकून म्हणाली, “जे कुणी असाल, तुमचे फार उपकार झाले.”

खरखरीतून तीच कुजबुज आली, “उपकार कसले, मर्ना.”

ऑरिननं बंद करायला हात पुढे केला. मर्नानं तो धरून ठेवला.