कालवणातलं मीठ

"कुणाला पटायचं न्हाई पोरी, पण चिंचेवरची हडळ रोज येऊन मला भाकरी थापून देती," राधाकिशनआबा फोनवर सुनेला म्हणाले.

ऊसतोडीच्या फडातून अंजना थकल्या आवाजात हसली. "मामा, जेवत नसाल तर तोड सोडून येते मी."

"नको गं! पोटभर जेवतो. कालवणात तेवढं मीठ लई टाकती."

फोन ठेवून आबा तांब्याभर पाणी प्यायले. हात थरथरायला लागल्यापासून भाकरी जमत नव्हती, अन् चूल तीन दिवस थंडच होती.



भर दुपारी उंबऱ्यावर उलटी पावलं थांबली. "खोटं कावून बोलता, आबा? मिठाला तर आमी शिवत बी न्हाई. पीठ कुठं हाय? अन् कालवण अळणी चालंल का?"